दूरच्या सर्व्हरवरील पोस्टग्रेसला कार्यालयातून कनेक्शन होत नाही

प्रश्न

आमच्या पतसंस्थेचा हिशेबाचा डेटाबेस आम्ही नुकताच भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर हलवला आहे. तेथे उबुंटू २२.०४ आणि पोस्टग्रेस १४ ही डेटाबेस प्रणाली आहे. सर्व्हरवर लॉगिन करून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड देण्याचे साधन) चालवले की सर्व टेबले व्यवस्थित दिसतात. मात्र कार्यालयातील संगणकावरून जोडायला गेल्यास लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा संदेश येतो. ५४३२ हा पोस्टग्रेसचा पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही आणि क्लाउडच्या कंट्रोल पॅनेलवरही उघडलेला आहे. आणखी काय तपासावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमच्या वर्णनातील 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. फायरवॉल नको असलेली पॅकेट्स सहसा उत्तर न देता टाकून देते, त्यामुळे तिने अडवलेले कनेक्शन बराच वेळ ताटकळते आणि शेवटी 'टाइम्ड आउट' होते. 'रिफ्यूज्ड' लगेच आले, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, परंतु त्या पत्त्यावर त्या पोर्टला ऐकणारे कोणी नव्हते. म्हणून फायरवॉलचे नियम आता बदलत बसू नका.

पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर (१२७.०.०.१), म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतून येणाऱ्या कनेक्शनसाठी, ऐकते. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ या फाइलमधील लिसन_ॲड्रेसेस ही ओळ पाहा. ती सुरुवातीला # चिन्हाने निष्क्रिय केलेली असते आणि पत्ता बदलताना ते चिन्ह तसेच राहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. या बदलाला नुसते रीलोड पुरत नाही, सेवा रीस्टार्ट करावी लागते. त्यानंतर एसएस ही कमांड चालवून कोणते पोर्ट ऐकत आहेत ते पाहावे. ५४३२ च्या आधी अजूनही केवळ १२७.०.०.१ दिसत असेल, तर बदल लागू झालेला नाही. अशा वेळी पीएसक्यूएलमध्ये 'शो कॉन्फिग_फाइल' देऊन फाइलचा पत्ता ताडून पाहा, कारण सर्व्हरवर दोन आवृत्त्या असल्यास भलत्याच आवृत्तीची फाइल उघडली जाते.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. रीस्टार्टनंतर संदेश बदलला. आता पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कोणाला कोठून जोडू द्यायचे ते ठरवणारी फाइल) या होस्टसाठी नोंद नाही, असे येते. पण त्यात दिसणारा आयपी आमच्या संगणकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी नाही. तेथे ०.०.०.०/० लिहून टाकले तर चालेल का?

प्रतिसाद २

कृपया तसे करू नका. ०.०.०.०/० म्हणजे इंटरनेटवरील प्रत्येक आयपी, आणि उघड्या ५४३२ पोर्टवर पासवर्ड आजमावून पाहणारे प्रोग्राम सतत फिरत असतात. सभासदांच्या ठेवी आणि कर्जखाती त्यांच्यासमोर केवळ एका पासवर्डच्या आड ठेवणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

संदेशात दिसणारा आयपी तुमच्या राउटरचा सार्वजनिक आयपी आहे; सर्व्हरला तोच दिसतो. तो कायमचा असेल, तर /३२ लावून त्या एकाच पत्त्यासाठी होस्टएसएसएल (फक्त एन्क्रिप्टेड कनेक्शन) प्रकारची ओळ लिहा आणि पासवर्ड पडताळणीची पद्धत स्क्रॅम-एसएचए-२५६ ठेवा. पोस्टग्रेस ही फाइल वरून खाली वाचते आणि जुळणारी पहिली ओळच मानते. त्या ओळीवर पडताळणी फसली तर पुढच्या ओळीकडे ते वळत नाही. येथे मात्र रीलोड पुरेसे आहे.

साध्या ब्रॉडबँडवर हा आयपी बदलत राहतो. म्हणून माझी पसंती एसएसएच टनेलला, म्हणजे सर्व्हरवरील एन्क्रिप्टेड लॉगिनमधून नेलेल्या कनेक्शनला, आहे. कार्यालयातील संगणकाचा ५४३३ पोर्ट एसएसएचमधून सर्व्हरच्या लोकलहोस्टवरील ५४३२ ला जोडावा आणि हिशेबाच्या प्रणालीला लोकलहोस्ट व ५४३३ हाच पत्ता द्यावा. मग लिसन_ॲड्रेसेस पुन्हा लोकलहोस्टवर आणता येते आणि ५४३२ बाहेरून पूर्ण बंद करता येतो.

प्रतिसाद ३

टनेलबाबत एक भर घालतो. जेवणाच्या सुट्टीत कोणी काम करत नसताना कनेक्शन तुटू लागले, तर दोष पोस्टग्रेसमध्ये शोधू नका. वाटेतील राउटर निष्क्रिय कनेक्शनची नोंद काही वेळाने पुसून टाकतात, आणि लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का, हे तपासणारी सोय) मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल दोन तासांनी, पहिली चौकशी करतो. टनेल वापरताना पोस्टग्रेसचे कीपअलाइव्ह बदलून उपयोग होत नाही, कारण त्याचे कनेक्शन सर्व्हरच्या आतच संपते. राउटरमधून जाते ते एसएसएचचे कनेक्शन. तेव्हा कार्यालयाकडील एसएसएचच्या सेटिंगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० (सेकंद) करावे.