लॉन पिवळं पडून राहिलं, उपटून नवीन लावू का? (नागपूर)

मनीषनगरवाला:
मंडळी, घरासमोर १५ बाय २० फुटांचं मेक्सिकन लॉन आहे. दिवाळीनंतर लावलं, फेब्रुवारीपर्यंत नुसता गालिचा होता. आता एप्रिलमध्ये मधोमध पिवळे चट्टे अन् कडेला चक्क तणस! दोन्ही वेळ पाणी देऊन राहिलो. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही वाया नको म्हणून तिथेच ओततो. नर्सरीवाला म्हणते, काढा अन् नवीन लावा. लावू का?

कुंडीवाली काकू:
काहून घाई करतो बाबा? आता लावलेलं गवत नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, काढणार नाही. पारा ४५ ला टेकला की मुळं धरायच्या आधीच गवत करपतं. मला तर तुझं कूलरचं पाणी खटकलं. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, अन् तू तेच गवताला पाजून राहिला. टाकीच्या कडेला नख लावून पाहा. माझा मोगरा असाच गेला. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मी आपली उन्हाला दोष देत बसले.

जुना गडी:
काकू बरोबर. पण दोन्ही वेळचं शिंपडणंही बंद करा. आपली काळी माती वरून ओली दिसते, चार बोटं खाली कोरडी ठणठणीत. त्यापेक्षा एक दिवसाआड, पहाटे, भरपूर द्या. तासाभराने स्क्रू-ड्रायव्हर खुपसा. चार बोटं सहज गेला तर पाणी पोचलं. गवत दोन इंच राहू द्या, मुळांवर तेवढीच सावली. युरिया आता नाही म्हणजे नाही. अन् पिवळ्या चट्ट्यात मूठभर गवत धरून ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, शोधा.

कुंडीवाली काकू:
अन् नवीन लावायचंच असेल तर पाऊस नीट लागल्यावर, जुलैत. खाली शेणखत अन् थोडी रेती. मी तर म्हणते हरळीच लाव. मेक्सिकनचे लाड आपल्या उन्हात परवडत नाहीत. सावलीत मात्र हरळी रुसते हं.

मनीषनगरवाला:
काकू, नख पांढरं झालं! गवत ओढून पाहिलं, सुटत नाही, बुडाशी हिरवट आहे. म्हणजे जिवंत आहे. पण मग कूलरचं पाणी टाकू कुठे?

जुना गडी:
फाटकाबाहेर सडा मारा, धूळ तरी बसेल.