एका क्लायंटचं नाव दुसऱ्या क्लायंटला सुचवावं का? माझं मत: नाही

भोसरीची अकाउंटंट
एमआयडीसीतल्या अकरा छोट्या वर्कशॉपची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मी सांभाळते. गेल्या महिन्यात शीट मेटलवाल्या क्लायंटनी विचारलं, "ताई, पावडर कोटिंगवाला आहे का कुणी ओळखीचा?" आहे, आणि तोही माझाच क्लायंट. कामाला चोख, कामगारांचा पीएफ 15 तारखेच्या आत भरणारा. पण विचारणाऱ्याचं लेजरही मीच लिहिते. त्यांच्याकडे जॉबवर्कवाल्यांची, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्यांची, बिलं चार-चार महिने थकलेली आहेत. नाव सुचवलं तर कोटिंगवाल्याचे पैसे अडकणार हे मला आधीच माहीत. त्याला सावध केलं तर एकाच्या वहीतलं दुसऱ्याच्या कानात घातलं. मी म्हणाले, "दादा, मी कुणालाच कुणाचं नाव देत नाही." आज एकाला नाव दिलं आणि उद्या दुसऱ्याला टाळलं, तर टाळण्यावरूनच तो ओळखतो की वहीत काहीतरी खोट आहे.

यार्डातला दिवाणजी
पटलं नाही. 22 वर्षं वह्या लिहितोय. धंदा ओळखीवरच चालतो, आणि कोण खरा कोण खोटा हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही. अडल्या वेळी गप्प बसायचं, तर क्लायंटनी आपल्यावर एवढा विश्वास टाकायचा कशाला? मी दोघांना चहाला बोलावतो आणि बाजूला होतो. कमिशन कधी घेतलं नाही.

सीए, सांगली
आम्हा सीएंना 1949 च्या कायद्यानेच बंदी आहे. क्लायंटच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय कामातून कळलेली माहिती बाहेर सांगितली, तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. टॅली सांभाळणाऱ्याला तो कायदा लागू नाही, पण वही तीच असते. दिवाणजी, ओळख करून द्यायला हरकत नाही. "तुमचा नंबर देऊ का?" एवढं दोघांना आधी विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

कोटिंगवालाच, पण दुसऱ्या गावचा
माझं ऐका. आमच्या अकाउंटंटनीच पार्टी आणून दिली होती, दोघांच्या संमतीने. 2 लाख 80 हजार बुडाले. नंतर कळलं, त्या पार्टीची वहीही तेच लिहायचे. मी मुलीची फी उसनवारी करून भरली. संमती घेऊन काय झालं? "आधी अॅडव्हान्स घ्या" एवढं तरी म्हणायचं होतं.

भोसरीची अकाउंटंट
दादा, वाचून पोटात गोळा आला. पण "अॅडव्हान्स घ्या" हे एकाच पार्टीबद्दल म्हटलं की तोच इशारा झाला. म्हणून नवी पार्टी कुठलीही असो, मी सगळ्यांना तेच सांगते. जीएसटी पोर्टलवर पार्टीचा जीएसटी नंबर टाका, नोंदणी कधीची आणि रिटर्न कधी भरली ते कुणालाही दिसतं. स्वतःचा उद्यम नंबर, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, बिलावर छापा. अशा उद्योगांना कायद्याने लेखी करार असेल तरी 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायलाच हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज मागता येतं.

कोटिंगवालाच, पण दुसऱ्या गावचा
रिटर्न वेळेवर भरणारासुद्धा जॉबवर्कवाल्याला चार महिने लटकवतो. पोर्टलवर ते दिसत नाही. तुमच्या टॅलीत दिसतं.

भोसरीची अकाउंटंट
खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण ज्याची वही, त्याच्याशी तर मी बोलू शकते. शीट मेटलवाल्यांसमोर थकलेल्या बिलांची यादी ठेवली. म्हटलं, यातल्या सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं मुदत टळून 31 मार्चला तसंच राहिलं, तर पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळणार नाही. नवा माणूस शोधण्याआधी जुन्यांचं भागवा. दोन बिलं त्याच आठवड्यात चुकती झाली.

यार्डातला दिवाणजी
हे मात्र मी कधी केलं नाही. पण ताई, गाव, धंदा, थकबाकी, सगळं इथे लिहिलंत. त्यांनी वाचलं तर?

भोसरीची अकाउंटंट
गाव आणि दोघांचेही धंदे बदलून लिहिलेत.