न्यू जर्सीने करार बंद केले, पण कोठड्या कुठे बंद झाल्या?

एडिसनकर: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "न्यू जर्सीचा 2021 चा इमिग्रेशन कोठडीचा कायदा नुसता देखावा. नेवार्कला डिलेनी हॉल हे खासगी कोठडीघर 1,000 बेडचं उघडलंच. काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) जेलचे बेड भाड्याने देण्याचं हातचं उत्पन्न घालवलं." अहो, कायद्याचे दोन भाग आहेत. काउंटीने आइसला, म्हणजे केंद्र सरकारच्या इमिग्रेशन पोलिसांना, बेड द्यायचे नाहीत, हा एक. खासगी कंपनीनेही द्यायचे नाहीत, हा दुसरा. जुलै 2025 मध्ये थर्ड सर्किटने (आपल्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने) 2-1 ने अडवला तो दुसरा, एलिझाबेथ शहरातल्या खासगी कोठडीच्या खटल्यात. पहिला शाबूत आहे. राज्य स्वतःची जेलं देणं नाकारू शकतं, केंद्र सरकारच्या कंत्राटदाराला रोखू शकत नाही.

हडसनकाठ: जेलं नाकारून माणसं सुटली का? बर्गन काउंटीच्या जेलमधली काही न्यूयॉर्कच्या ऑरेंज काउंटीत नेली. आता थेट लुइझियाना. हेबियस, म्हणजे कोठडी बेकायदा आहे असा सुटकेचा अर्ज, माणूस जिथे कोंडलाय तिथल्याच फेडरल कोर्टात टाकावा लागतो. विमान सुटण्याआधी इथे अर्ज पडला तर खटला इथेच राहतो, उशीर झाला तर लुइझियानाच्या भागातलं फिफ्थ सर्किट. त्यात प्रकरण दिवाणी, म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. जवळचे बेड घालवून तुम्ही वकीलही लांब केलात.

करदाता_मिडलसेक्स: प्रॉपर्टी टॅक्स आम्ही भरायचा आणि शेरीफने डिटेनर, म्हणजे माणूस आमच्यासाठी धरून ठेवा हा आइसचा कागद, धुडकावायचा? केंद्राचा आदेश आहे तो!

एडिसनकर: आदेश नाही, विनंती. आय-247ए फॉर्म बघा. सोबतच्या आय-200 किंवा आय-205 वॉरंटवर सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नाही. सुटका ठरल्यावरही 48 तासांपर्यंत ठेवा म्हणतात. ते ठेवणं म्हणजे नवी अटक. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय काउंटीने जामीन भरलेल्या माणसाला असंच ठेवलं, आणि तो निघाला अमेरिकन नागरिक. 2014 मध्ये थर्ड सर्किटने सांगितलं: डिटेनर मानणं काउंटीवर बंधनकारक नव्हतं, तेव्हा दाव्याला तोंडही तिनेच द्यायचं. भरपाई तुमच्याच टॅक्समधून जाते.

करदाता_मिडलसेक्स: म्हणजे खुनी सोडून द्यायचे?

पासाइकचा_वाचक: राज्याच्या ॲटर्नी जनरलचा 2018-6 निर्देश न वाचता भांडू नका. गंभीर किंवा हिंसक गुन्ह्याचा आरोप असेल तर आइसला सुटकेची वेळ कळवता येते आणि त्या दिवशी रात्री 11:59 पर्यंत ठेवताही येतं. अटकेतले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटीकडे आपोआप जातात. ते राज्याला थांबवता येत नाही.

करदाता_मिडलसेक्स: बरं, 11:59 मान्य. पण जामीन संध्याकाळी सातला झाला तर आइसला मिळतात जेमतेम पाच तास. हा हट्ट कशाला?

पासाइकचा_वाचक: ठसे गेल्यापासून त्यांना माहीत असतं. न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट आणा, मग हा प्रश्नच उरत नाही.

हडसनकाठ: डिटेनरवरच अडकलात सगळे! माणूस लांब नेला जातो, त्याचं काय?

एडिसनकर: लांब नेल्याने नुकसान होतं, हे कबूल. पण डिलेनी हॉल नेवार्कमध्येच आहे ना? तिथूनही माणसं राज्याबाहेर हलवतातच. जवळच्या बेडने हमी मिळत नाही. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक) हाताशी ठेवा, आठ आकडी असेल तर पुढे शून्य लावून जन्मदेशासह आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर, माणूस कुठे आहे ते, रोज बघा, आणि हेबियसचा मसुदा वकिलाकडे आधीच तयार ठेवा.

हडसनकाठ: मसुदा ठेवा म्हणे. ज्याला वकीलच परवडत नाही त्याने काय ठेवायचं?