मदत हवी आहे : अनुदानाची यादी गावाच्या ग्रुपवर टाकावी की नाही?

नमस्कार. परंडा तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी ही रोजची कामं. एक चूक माझ्या हातून झालीय आणि पुढं काय करावं ते कळेना, म्हणून इथं विचारतोय.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन तर गेलंच, नदीकाठची रानंही खरवडून गेली. पुढं अनुदानाची यादी आली. मला मिळालेल्या फाइलमध्ये नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम होतीच. शिवाय मोबाइल नंबर, बँक खातं आणि आधारचे १२ च्या १२ आकडे. दुकानापुढं ही गर्दी. जो तो "माझं नाव हाय का बघ की". मी फाइल होती तशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिली.

तीन आठवड्यांनी भावकीतल्या एका आजींना फोन आला. समोरच्यानं गट नंबर सांगितला, रक्कम रुपयापर्यंत बरोबर सांगितली आणि "केवायसी राहिलीय, फाइल पाठवतो ती उघडा" म्हणाला. नातवानं मोबाइलवर ती एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडली. असल्या फाइली फोनवर येणारे मेसेज परस्पर वाचतात, ओटीपीसुद्धा. संध्याकाळपर्यंत खात्यातले ११,००० रुपये गेले. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर उशीर झाला होता. आजी मला म्हणाल्या, "त्याला माझा गट नंबर ठाव होता रं, मग सरकारी माणूसच असंल की." यादी मी टाकली होती हे त्यांना अजून माहीत नाही.

आता पारावर दोन तट पडलेत. जुने लोक म्हणतात, यादी झाकली की खाणारे मोकळे. ते खरंय. मागं पडीक रानावर पीक दाखवून उचललेलं अनुदान यादीमुळंच उघडं पडलं होतं. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सुद्धा अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करा असंच सांगतं. पण आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणं आधार नंबर असा चव्हाट्यावर मांडता येत नाही, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ लाच सांगितलंय. चोर पकडायला नाव आणि रक्कम पुरते, आधारचे आकडे कशाला लागतात?

माझी अडचण गट नंबरची आहे. गावात बापाच्या नावासकट सारखी नावं असलेले चार जण आहेत, गट नंबर काढला तर कुणाचे पैसे आले ते कळणार कसं? आणि तोच नंबर ऐकून आजी फसल्या. शिवाय, यादीतल्या प्रत्येकाला "तुमचे नंबर बाहेर गेलेत" हे सांगायला हवं ना? घरचे म्हणतात, सांगितलंस तर दुकान बंद पडेल.

उत्तर : गट नंबर राहू द्या, सातबारा तसाही ऑनलाइन दिसतो. मोबाइल आणि आधारचे रकाने पूर्ण काढा, खात्याचे शेवटचे ४ आकडे ठेवा. यादी कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, फाइल फिरवू नका. ज्यांनी फाइल दिली त्यांना हे लेखी कळवा आणि पोच घ्या. ज्यांना जमेल त्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या, म्हणजे अंगठ्यावर परस्पर पैसे निघणार नाहीत. मात्र रेशनला अंगठा द्यायच्या आधी ते उघडावं लागतं, हे म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगा. आणि हो, सगळ्यांना सांगायलाच हवं.

धागाकर्ता : आभारी आहे. ग्रुपवरची फाइल आता माझ्याकडून सगळ्यांसाठी डिलीट होत नाही, म्हणून ज्याला त्याला ती पुसायला सांगणार आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सहा वर्षांची आधार-पासबुकांची स्कॅनं पडून होती, ती आज रात्री काढतोय. शनिवारी मारुतीच्या देवळात माणसं जमतात, तिथं बोलतो. त्याआधी उद्या सकाळी आजींकडं जाऊन यादी मीच टाकली होती हे सांगणार आहे.