मायनर निवडताना मुलांनी विचारायचं कुणाला?

धागाकर्ता (पालक):
भाची लातूरहून पुण्यात बी.ए.ला आली, मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र. मायनर (जोडीचा दुय्यम विषय) निवडायची वेळ आली तेव्हा कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "ग्रुपवर पीडीएफ टाकलीय, वाचा." रूममेटनं घेतलं म्हणून हिनंही इतिहास घेतला. इतिहास वाईट नाही, पण तिला अर्थशास्त्रातच पुढे जायचंय आणि तिथे संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. हे तिला वर्षभरानं कळलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), क्रेडिट बँक (मिळवलेली क्रेडिट्स जमा राहतात ते खातं), वर्षागणिक बाहेर पडायची सोय, हे सगळं अठरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवायचं आणि समजावून सांगायला माणूस ठेवायचा नाही? प्रत्येक कॉलेजात पूर्णवेळ शैक्षणिक सल्लागार हवाच.

तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका:
साफ असहमत. कागदावर मी 60 मुलांची मेंटॉर आहे. मानधन घेतलेल्या तासांचं, या बोलण्याचं नाही. तरीही बोलते. मागच्या महिन्यात पाचव्या सत्रातला एक मुलगा सगळ्या गुणपत्रिका घेऊन आला. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या 6 सत्रांत 75 टक्के लागतात, हे तो तेव्हा पहिल्यांदा ऐकत होता. पेन्सिलनं बेरीज करत गप्प बसून राहिला. पण त्याला बॉटनीचा कल आहे की नुसते गुण आहेत, हे त्याला प्रॅक्टिकलला पाहणाऱ्यालाच कळणार. सल्लागार नेमाल तर आणखी एक खिडकी उघडेल. आधी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा.

टी.वाय.बी.कॉम.:
मॅडम, जागा भराव्यात, मान्य. पण आमच्या मेंटॉर फॉर्मवर नॅकची (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची) टीम यायच्या आदल्या दिवशी वर्गात एकगठ्ठा सह्या घेतल्या. मी सल्ला घेतला तो सीनियरचा. त्यानं कुठला विषय सोपा जातो ते सांगितलं, मला काय जमेल ते नाही.

धागाकर्ता:
मॅडम, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून निभावतंय. पण तो मुलगा पाचव्या सत्रात आला, पहिल्यात का नाही? पहिल्या सत्रात प्रत्येकाला समोर बसवून अर्धा तास बोलायचं, हे कुणाचं तरी पगारी काम असायला हवं. ते प्राध्यापकाला द्या, पण मग त्याचे तास वर्कलोडमध्ये मोजा.

प्राध्यापिका:
तास मोजणार असतील तर माझी हरकत नाही. पण काम विभागातच राहू दे, ऑफिसात नको.