कन्नड धड्यातली वाक्यं जशीच्या तशी आठवतात, मराठीतली नाहीत. असं का?

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या मराठी माध्यमाच्या आठवीच्या मुलांना कन्नड उताऱ्यातले नेमके शब्द आठवतात, मराठी उताऱ्याचा फक्त आशय सांगतात. कन्नड तर कच्चं आहे. मग उलटं कसं?

उत्तर १: उलटं नाही हो. मातृभाषेत अर्थ हाती लागला की शब्द गळतात. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांच्या १९६७च्या प्रयोगात मधे जेमतेम ८० अक्षरं ऐकून झाल्यावर श्रोत्यांना वाक्यरचनेतला बदल ओळखता येईनासा झाला. अर्थातला बदल मात्र लगेच कळे. परक्या भाषेत प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं, म्हणून तो टिकतो.

उत्तर २: आधी तपासा. दहा वाक्यांचा उतारा एकदाच वाचायला द्या, परीक्षेचं सांगू नका, नाहीतर पोरं घोकतात. वीस मिनिटांनी तीन प्रकारची वाक्यं दाखवा: तीच, शब्द बदललेली ('बेग'च्या जागी 'शीघ्र', अर्थ तोच: लवकर) आणि अर्थ बदललेली. 'हेच होतं का?' एवढंच विचारा. 'हो-नाही'त निम्मी उत्तरं अंदाजानेही बरोबर येतात, हे धरून चला. दोन्ही उतारे सारखेच अवघड हवेत; इथेच बहुतेक जण फसतात.

उत्तर ३: शब्द आठवला म्हणजे कळला असं नव्हे. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई, 'अनुमान' म्हणजे शंका. मुलं शब्द बिनचूक सांगतात, अर्थ मराठीचा लावतात.

प्रश्नकर्ता: 'अवसर'वरच गाडी अडली होती! सोमवारी चाचणी घेतो.