डिफरन्शियल आणि टाकी विसरू नका
गाडीचं डिझेल इंजिन काढून पेट्रोल इंजिन बसवायचं म्हणताय, पण वरची सगळी चर्चा माउंट (इंजिन टेकवायचे आधार) आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचवरचं कव्हर) यांवरच अडकलीय. ते जुळवता येतं हो. खरी गोची मागच्या डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअरच्या गोळ्याची! जुन्या डिझेल इंजिनाचा जोर साधारण १५००-२००० आरपीएमलाच (मिनिटाला फेरे) मिळतो, डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) त्याच हिशोबाने दिलेला असतो. पेट्रोल इंजिन बरंच जास्त फिरल्याशिवाय तेवढं ओढत नाही. रेशो तसाच ठेवलात तर भरल्या गाडीत चढावर क्लचचा वास येणारच.

आणि टाकी उतरवून धुवाच. मी आळस केला, नुसती रिकामी करून पेट्रोल भरलं. तळाशी उरलेल्या डिझेलने स्पार्क प्लग काळेकुट्ट, तेलकट. सकाळी स्टार्टर नुसता घरघरत बसायचा.

डिझेल इंजिनासोबत व्हॅक्यूम पंप (ब्रेक बूस्टरमधली हवा ओढणारा) निघून गेला तरी चालतं, ब्रेक बूस्टरची (ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या डब्याची) नळी पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडा (एअर ब्रेक असतील तर गोष्ट वेगळी).